दोन्ही हात मोकळे हवेत

३ फेब्रुवारी, मंगळवार

"बोलायला हवंय ना मॅडम? मग फोन घ्या की! बोलायला फोनच असतो!"

— दुकानातला टायवाला. स्वतःच्या हुशारीवर स्वतःच खूश होऊन हसला. मीही हसले, काय करणार! त्याला कसं सांगायचं की ज्या बाईसाठी घ्यायचंय तिने जन्मात आवाज ऐकलेला नाही, आणि ती बोलते ती दोन्ही हातांनी. एक हात फोन धरण्यात अडकला की अर्धं वाक्य गेलंच.

शेवटी सांगून टाकलं. त्याचा चेहरा एकदम समाचाराला आल्यासारखा झाला. आवाज खाली गेला. आई दुकानात नव्हतीच, आणि असती तरी तिला काय फरक पडणार होता! मग त्याने टॅबलेट दाखवला, लॅपटॉप दाखवला, आणि दर वेळी सवयीने गाणं लावून म्हणाला, "आवाज बघा कसा खणखणीत आहे!" पुन्हा एकदा म्हणाल्यावर त्याचं त्यालाच लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्याच्या.

"नक्की गरज काय आहे ते आधी ठरवा, म्हणजे निवडणं सोपं जातं," असं निघताना म्हणाला. माणूस वाईट नाही. रिकाम्या हाताने घरी आले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गरज काय आहे ते ठरवा!

बरं, ठरवते. कागदावर उतरवलं की माझं डोकं थाऱ्यावर येतं.

साहेबांनी सोमवारी बोलावून विचारलं — दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात जाशील का? आमची कंपनी लिफ्ट बसवते. मी त्यांचे नकाशे काढते — खड्डा किती खोल, भिंत किती जाड, दार कुठल्या बाजूला उघडणार. तिथे गेले तर नकाशांचा अख्खा विभाग माझ्या हाताखाली. "महिनाअखेरपर्यंत सांग. नंतर मी दुसऱ्याला विचारणार," म्हणाले. इथून रात्रभराचा प्रवास आहे. दर शनिवार-रविवारी ये-जा करण्यासारखा नाही.

मला जायचंय. हे इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय! मला अगदी मनापासून जायचंय.

आणि आई इथेच राहणार. तिला चल म्हटलं तर म्हणते, "माझी खिडकी घेऊन येशील का?" ती रफूचं काम करते. खालचा लॉन्ड्रीवाला फाटलेले, जळलेले, कसरीने खाल्लेले कोट वर पाठवतो आणि आई त्यांतली भोकं अशी बुजवते की कोटाच्या मालकालाही जागा सापडत नाही. त्याला दिवसभर सारखा प्रकाश लागतो आणि तो आमच्या या खिडकीत आहे. शिवाय बाबा गेल्यावर या दोन खोल्यांत तिने आपलं आयुष्य पुन्हा शिवून काढलंय. ते मी उसवायचं का?

पण मी गेले तर तिच्याशी बोलणार कोण? खरा प्रश्न हा आहे. यंत्राचा नाहीच. लहानपणापासून मीच तिचा कान आणि मीच तिचं तोंड. डॉक्टर, बँक, घरमालक, सगळीकडे मी. शाळेत बाई माझ्याबद्दल तक्रारी करायच्या, त्यासुद्धा मीच आईला हातांनी समजावून सांगायची. आरोपीही मी, दुभाषाही मीच!

या शहरात तिची भाषा येणारी मी एकटी आहे. मामाला 'जेव', 'झोप' आणि 'औषध' एवढंच येतं.

६ फेब्रुवारी

मामाला विचारण्याची चूक केली. आईचा धाकटा भाऊ, तेव्हा हक्काने विचारलं.

"अगं, हल्ली सगळं फोनवर होतं! लॅपटॉप काय करायचाय तिला? ऑफिस थाटणार आहे का?" मग चहा ढवळत — "पण तू खरंच जाणार आहेस? तिला एकटं टाकून?"

टाकून! पिशवी आहे का ती, टाकायला? आई समोर बसून त्याच्या ओठांकडे बघत होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाला?" मी म्हटलं, फोन घे म्हणाला. "ते आधी म्हणाला. नंतर काय?" मी म्हटलं, चहा छान झालाय म्हणाला.

आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज फोनची परीक्षा. मामाचा जादाचा मोठा फोन आईला दिला आणि मी माझा घेऊन खाली लॉन्ड्रीच्या पायरीवर जाऊन बसले. व्हिडिओ लावला.

आधी तिने फोन डाव्या हातात धरला आणि उजव्याने बोलायला लागली. तोंडात घास ठेवून कुणी बोलावं तसं वाटत होतं. कळत होतं, पण सगळं पुसट. आमच्या घरात एक नियम आहे — बोलायच्या आधी हातातलं खाली ठेवायचं. सुई असो, कप असो, भांडण करताना उशी असो. 'हातातलं खाली ठेव' म्हणजे 'आता ऐक'. फोन तर हातातून खाली ठेवताच येत नाही. म्हणजे बोलणं सुरूच होत नाही!

तिलाही ते जाणवलं असणार. कारण मग तिने जे केलं ते पाहून मी पायरीवर लोळायची बाकी होते. तिने फोन मान वाकडी करून गाल आणि खांद्याच्या मध्ये घट्ट धरला — रस्त्यावर लोक धरतात तसा — आणि दोन्ही हात मोकळे करून जोरात बोलायला लागली! मला दिसत होता फक्त तिचा कान, मोठा, गुलाबी, कुडीसकट. ती बिचारी तावातावाने काहीतरी सांगतेय आणि माझ्यासमोर कान!

वर पळत गेले. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. "लोक असंच करतात, मी किती वर्षं बघतेय," म्हणाली. "मला वाटायचं हीच पद्धत."

नंतर दोऱ्याच्या डब्याला टेकवून बघितला. घसरला. पाण्याच्या तांब्याला टेकवला. तिथेही घसरला, पंख्याचं दर्शन देत आडवा झाला. शिवाय एवढ्याशा चौकटीत तिचे हात म्हणजे मुंग्या. बोटं वेगळी दिसत नाहीत.

फोन नापास. मला जरा बरं वाटलं. का वाटलं ते आज लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते, मी तिला मनात घाईबाई म्हणते. घाईघाईने बोलते, घाईघाईने जेवते, पण मदतीलाही घाईनेच धावून येते. आज तिने तिचा टॅबलेट आणून दिला. "ठेव चार-आठ दिवस! माझी पोरं त्याच्यावर नुसती गाड्या पळवतात!"

संध्याकाळी मी माझ्या खोलीत, आई बाहेरच्या खोलीत. लावला. मला काय दिसलं? छत. छताला चिकटलेली पाल. आणि कडेला आईची हनुवटी, खालून.

"उभा धर," मी जाऊन सांगितलं. तिने मान हलवली. परत येऊन बघते तर पुन्हा छत! तिसऱ्यांदा गेले तेव्हा पाहिलं — टॅबलेट तिने कामाच्या टेबलावर मधोमध सपाट पसरला होता, चारी कडा सरळ करून, कोट पसरते तसाच. आणि वर वाकून बोलत होती. तिच्या हिशेबी काम करायची वस्तू ही आडवीच असते. आयुष्यभर तिने जे जे नीट बघितलं ते टेबलावर पसरून बघितलं. उभी वस्तू म्हणजे भिंतीवरची. ती नुसती बघायची, तिच्याशी बोलायचं नसतं.

मला हसू आलं, आणि मग नाही आलं. वयाच्या या टप्प्यावर मी तिला सांगतेय की आता कसं बसायचं, कुठे बघायचं, हात किती उचलायचे.

१२ फेब्रुवारी

आई टॅबलेट परत द्यायला तयार नाही!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कारण कळलं. तिने त्याचा कॅमेरा शोधून काढलाय. कुणाच्या तरी राखाडी कोटाच्या बाहीवर टॅबलेट धरते, दोन बोटांनी चित्र मोठं करते आणि उभे-आडवे धागे मोजते. भिंगातून बघून बघून तिचा डावा डोळा हल्ली दुखतो. आता म्हणते, "धागा दोरखंडाएवढा दिसतो! हे घे. हेच घे."

"पण आपण बोलायला घेतोय ना आई?"

"तू बोलायला घेतेयस. मी कशाला घेऊ ते मला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. टायवाल्याने म्हटलं होतं, गरज काय ते ठरवा. मी ठरवली आणि मोकळी झाले. गरज कुणाची हे काही मी ठरवलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चित्र — आई संध्याकाळी माझी वाट बघत पडद्यासमोर बसलीय. त्या चित्रात ती दिवसभर काय करते याला जागाच नव्हती. आज दिवसभर नकाशे काढताना हेच डोक्यात घोळत होतं. एका दाराची बाजू उलटी काढून ठेवली. घाईबाईने वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नाहीतर माणसं लिफ्टमधून थेट भिंतीत उतरली असती.

१५ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉपची पाळी. ऑफिसातला घरी आणायची परवानगी काढली.

एक गोष्ट मानली पाहिजे — तो उभा राहतो. आपल्या बुडावर, कुणाचा आधार न घेता. टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आई खुर्चीत बसली, दोन्ही हात मोकळे, आणि मला ती दिसली. पहिल्यांदा अख्खी आई दिसली.

मी घाईबाईच्या घरून बोलत होते. तिथून दिसणारी आई जरा लहान, जरा लाजरी. हात हनुवटीखाली आखडून बोलत होती, कुणाच्या परक्या घरात कोपरं आवरून बसावं तशी. मी म्हटलं, मागे सरक. सरकली. हात सैल झाले.

मग मी तिला परीक्षेला बसवलं. दिवा बंद करून बघ. खिडकीकडे पाठ कर. आता उभी राहून बोल. आता समज तुला चक्कर आली, कुठे बोट लावशील? आता समज इंटरनेट गेलं, काय करशील? आता समज दारावर अनोळखी माणूस आलाय —

आई थोडा वेळ करत होती सगळं. मग थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मला पास करायला बसलेली नाहीस. नापास करायला बसलीयस."

"असं काही नाही!"

"आहे. यंत्राला नाही, मला नापास करतेयस. मी नापास झाले की तुला राहता येईल."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तिने डोळे मिटले. आमच्या घरातलं हे शेवटचं हत्यार. आईने डोळे मिटले की भांडण संपलं. मग तुम्ही कितीही ओरडा, नाचा, हात आपटा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. घरी असले तर मी खांद्याला हात लावते, केसांवरून फिरवते, केव्हातरी एक डोळा उघडतेच. इथून कुठे हात लावणार? काचेला?

आणि डोळे मिटून पुरेसं वाटेना म्हणून की काय, तिने हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण आपटलं. धाडकन्! पडदा काळा.

घाईबाईने चहा आणून ठेवला. "इंटरनेट गेलं का गं?" मी म्हटलं, हो, गेलं.

१६ फेब्रुवारी

आई सकाळपासून खुशीत! मला म्हणते, "हेच घ्यायचं. लॅपटॉप."

"आणि धागे? टॅबलेट?"

"भिंग आहे. डोळ्याला थेंब घालीन. फोन आपटता येत नाही, फुटतो. टॅबलेट आपटता येत नाही. याला झाकण आहे!"

यंत्रांचे पन्नास गुण वाचून, चार दुकानं फिरून, मी माहितीची पानंच्या पानं चाळली. आणि निवड झाली ती कशावर? आपटता येतं यावर! पण विचार करते तर चुकीचं नाही. बोलणं म्हणजे नुसतं सुरू करणं नव्हे. मनात आलं की बंदही करता आलं पाहिजे. इतके दिवस मी जे यंत्र शोधत होते ते असं होतं की आई सदैव माझ्यासमोर उघडी राहील.

तरीही एक गोष्ट बोलली ती मला कळली नाही. "पडदा रुंद हवा," म्हणाली. "खांद्यापासून खांद्यापर्यंत सगळं दिसेल असा." मी म्हटलं, आपण दोघी तर छोटंच बोलतो, एवढी रुंदी कशाला? "हवी," म्हणाली. वाद घातला नाही. कोणाच्या हौसेला मोल नसतं.

१७ फेब्रुवारी

लॅपटॉप आला. यावेळी आईला घेऊनच दुकानात गेले. टायवाल्याने गाणं न लावता दाखवला! आईसमोर उभा राहून, ओठ नीट हलवत, हळूहळू म्हणाला, "तु-म-चं-अ-भि-नं-द-न." आईने त्याच्या टायकडे बोट दाखवलं — कडेला धागा निघालाय. खिशातून सुई काढून तिथेच दोन टाके घातले. तो इतका खूश झाला की पिशवीत पडदा पुसायचं फडकं फुकट टाकलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

घरी येते तर लॅपटॉप गरम. दुपारभर चालू असणार. विचारलं तर म्हणाली, "शिकतेय." काय शिकतेय? "बघणं." रफूचे व्हिडिओ बघत असेल. बघू दे. पण कोट साठलेत. लॉन्ड्रीवाल्याने मला जिन्यात गाठून सांगितलं, "ताई, आईंना बरं नाही का? दोन गिऱ्हाइकं परत गेली माझी." आईच्या हातून काम राहिलंय असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. मला भीतीच वाटली.

दोन दिवसांत एक लक्षात येतंय — ती जेवताना गप्प असते. हात ताटाशी, नजर कुठेतरी. मध्येच स्वतःशी हसते. मी विचारलं की "काही नाही". आत्तापासूनच तिची ही अवस्था, तर मी गेल्यावर काय? सगळं बोलणं आतल्या आत जिरवणार. माणसाशी बोलायला माणूस लागतो. पडदा पडदाच.

२२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मामा. यावेळी आईपुढे बोलला नाही, मला गॅलरीत नेऊन बोलला. "ताईने जन्मभर तुझ्यासाठी काय केलं ते तू बघितलंयस. मी काही म्हणत नाही. तूच ठरव."

काही म्हणत नाही म्हणत म्हणत सगळं म्हणून झालं! मला राग आला. त्याचा नाही. तो बोलला ते माझ्याच मनात होतं, त्याचा राग आला.

आई आत भांडी पुसत होती. तिच्या पाठीकडे बघत राहिले. मी हाक मारू शकत नाही या बाईला. पाय आपटायचा, दिवा चालू-बंद करायचा, जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. तिच्यापर्यंत पोचायच्या सगळ्या वाटा या घराच्या फरशीतून, भिंतीतून, माझ्या हातातून जातात. दुसऱ्या शहरातून कुठला पाय आपटू?

२४ फेब्रुवारी

आईला स्पष्टच विचारलं, "मी गेले तर तुला एकटं वाटेल?"

"वाटेल."

एवढंच. मी वाट बघत होते की पुढे काहीतरी म्हणेल — पण तू जा, पण मी ठीक आहे. तसं काही म्हणाली नाही. खरं बोलून मोकळी झाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

त्या एका शब्दावर दिवसभर चालले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. जात नाही.

साहेबांना मेल लिहून ठेवला. चांगला लिहिलाय, कुठे रडगाणं नाही. 'घरगुती कारणामुळे ही संधी स्वीकारणं शक्य नाही.' पाठवलेला नाही, कारण आधी आईला सांगायचं. तिला इतरांकडून कळायला नको. आणि उद्याच सांगायचं, कारण परवा मुदत संपते.

आता शांत वाटतंय. खरंच वाटतंय का? थोडं वाटतंय. वाईट वाटतंय हेही खोटं नाही. त्या ऑफिसात मोठ्या खिडक्या आहेत म्हणे, आणि नकाशांसाठी लांबलचक टेबलं. पण जगात एखाद्या माणसाची भाषा समजणारं एकच माणूस असेल, तर त्या माणसाने उठून जाऊ नये. मला दुसरं काही सुचत नाही. हे कर्तव्य वगैरे नाही. माझ्या आईने दिवसाचे शब्द साठवून ठेवावेत आणि ते घ्यायला समोर कुणी नसावं, हे मला सहन होणार नाही. लॅपटॉप राहू दे. मामाशी 'जेव, झोप, औषध' करेल त्याच्यावर.

घाईबाईला सांगितलं तर आज पहिल्यांदाच ती सावकाश बोलली. "तुझ्या आईला विचारलंस?" म्हणाली. मी म्हटलं, विचारलं. एकटं वाटेल म्हणाली.

"ते मलाही वाटतं गं," म्हणाली. "घरात चौघं आहेत."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच घरी आले. आई पाठमोरी. समोर लॅपटॉप, पडद्यावर पांढऱ्या केसांची एक अनोळखी बाई — आणि दोघींचे हात! आईचे हात असे मी जन्मात पाहिले नव्हते. थेट खांद्यापासून, भरभर, एकातून दुसरं वाक्य निघतंय, भुवया, गाल, मान, सगळं बोलतंय. ती बाई हसता हसता दिसेनाशी झाली. मी दारात उभी राहून बघत होते. मला एक वाक्य कळलं नाही. एकही नाही.

आईने मला पाहिलं, तळहाताने 'थांब' केलं, आणि सावकाश निरोप घेऊन मगच वळली. लहानपणी बहिऱ्यांच्या शाळेत, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर होती ती. आईनेच शोधून काढली. लॅपटॉप आल्यापासून रोज दुपारी बोलतात.

"ही कुठली भाषा?" मी विचारलं.

"माझी."

"मग माझ्याशी कधी अशी का नाही बोललीस?"

ती हळूहळू, एकेक खूण सुटी करत, मला समजेल अशा बेताने म्हणाली — "तू लहान होतीस, म्हणून सोपं बोलायचे. मग तीच सवय राहिली."

साहेबांना होकार कळवलाय.